उदोमच्या चार साखळ्या

उदोम,

तुझ्यावर लिहायला बसले आहे. तू वाचणार नाहीस, पुई वाचून दाखवेल आणि मध्येच तू "हे असं नव्हतं, ख्रू" म्हणून हात झटकशील, हेही मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते. या गोष्टीत मीही आहे. पण 'मी, मी' करत बसले तर तुझ्या वाट्याला चार ओळी उरतील. तेव्हा स्वतःला मी ख्रू प्रायोंगच म्हणणार आहे, जसं गावातली सगळी माणसं शाळेतल्या बाईंना म्हणतात. चूक कोणाची होती ते झाकणार नाही. आता गप्प बसून ऐक.

चुमफे गाव संपून डोंगराकडचा रस्ता सुरू होतो, तिथे उजव्या हाताला उदोमचं आवार आहे. मुरमाची मोकळी जागा, एक पत्र्याची शेड आणि मातीचा एक उंचवटा. ट्रेलर मागून त्या उंचवट्याला टेकवायचा आणि ट्रॅक्टर सरळ वर चालवत न्यायचा. इकडची भातकापणी आटोपली की आमच्याकडचे ट्रॅक्टर डोंगरापलीकडे फिचितला जातात. तिथे कालव्याच्या पाण्यावर दुसरं पीक घेतात, नांगरणीला यंत्रं पुरत नाहीत. एवढा लांबचा रस्ता ट्रॅक्टर चालवत कोण नेणार? टायर झिजतात, माणूसही झिजतो. म्हणून ट्रेलर. आणि ट्रेलरवरचा ट्रॅक्टर उदोमने बांधलेला असला की मालक निर्धास्त घरी जाऊन जेवतो.

हे काम तो सौदीत शिकला. त्या काळी आमच्याकडचे निम्मे तरुण तिकडे होते. बाकीचे परत आले ते सोनं घालून, खांद्यावर हा एवढा कॅसेट वाजवायचा डबा घेऊन. उदोम आला चार लोखंडी साखळ्या घेऊन. विमानतळावरच्या साहेबाने पिशवी उचलून बघितली आणि कंबर धरून बसला. उदोमची बायको बुआफान ती गोष्ट अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. "लोकांच्या बायकांच्या गळ्यात सोन्याच्या आल्या. माझ्या नवऱ्याने आणल्या त्या रेड्याच्या गळ्यातसुद्धा बसत नाहीत."

सौदीत तो बुलडोझर बांधायचा. त्याचा मुकादम एक फिलिपिनो होता. बांधून झालं की प्रत्येक साखळीला लाथ घालायचा. वाजली तर ढिली, नाही वाजली तर ठीक. एकदा मुकादम रजेवर होता आणि कोणीतरी घाईत दोनच साखळ्या घातल्या. चढावर बुलडोझर मागे सुटला आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर गेला. टँकरच्या केबिनमध्ये कोण होतं ते उदोम सांगत नाही. "रिकामी नव्हती," एवढंच म्हणतो आणि विषय बदलतो.

तेव्हापासून त्याची पद्धत एकच. ट्रॅक्टर इतका पुढे घ्यायचा की वजन ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे पडेल. मागे पडलं तर रस्त्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. गिअर टाकून इंजिन बंद, हातब्रेक वर, मागचा रोटावेटर खाली फळीवर टेकलेला. हवेत लोंबणारं लोखंड त्याला खपत नाही. चाकांना लाकडी ठोकळे, ठोकळ्यांना खिळे. मग चार कोपऱ्यांना चार साखळ्या. पुढच्या दोन ट्रॅक्टरला मागे जाऊ देत नाहीत, मागच्या दोन पुढे जाऊ देत नाहीत. एकच लांब साखळी चहूकडून फिरवणाऱ्यांना तो विचारतो, "खाट चौघांनी धरली तर एकाचा हात सुटला तरी चालतं. एकानेच धरली तर?" साखळी आवळायचा दांडा दाबून बसवला की तो तारेने बांधायचा, म्हणजे धक्क्याने उघडणार नाही. शेवटी लाकडी हातोडीने प्रत्येक साखळीवर एक ठोका. लाथ नाही. यंत्राला पाय लावायचा नाही, हे त्याला मुकादमाने नव्हे, आईने शिकवलेलं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी तो ट्रॅक्टरपुढे उभा राहून हात जोडतो. प्रत्येक गाडीत एक थोरली बसलेली असते, मे यानांग. तिच्या अंगावर लोखंड घालायचं तर विचारून घालायचं. "आई, बांधतोय गं. रागावू नकोस. पोचलीस की सोडतो." एवढं म्हणून तो कामाला लागतो. तरुण ड्रायव्हर हसतात. पण त्यांच्यापैकी एकानेही आजवर त्याला 'हे राहू दे, उशीर होतोय' म्हटलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ख्रू प्रायोंगनी ट्रॅक्टर घेतला. जुनाच, पण चांगला. त्यांचा भाचा देचा तो चालवणार होता आणि गिऱ्हाईक ठरवायला फिचितला आधीच जाऊन बसला होता. ट्रॅक्टर पाठवायच्या दिवशी पहाटे ख्रूंनी तो विहारात नेला. मोठे भन्ते तीन महिने अंथरुणाला खिळून होते. ते उठले, दोघांच्या आधाराने बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रॅक्टरच्या नाकाडावर तीन रंगांचं कापड आणि फुलांचा हार बांधला. बांधला कुठे, तर पुढच्या ओढायच्या आकड्यावर. गुंडाळून, गाठीवर गाठ मारून. त्यांना काय माहीत आकडा कशाचा.

साडेआठला ट्रॅक्टर आवारात उभा राहिला. उदोमने हात जोडले, माफी मागितली, पुढची साखळी उचलली आणि थांबला.

"ख्रू, हे कापड वर बांधू या का? आरशाच्या दांड्याला?"

"का?"

"आकडा लागतो मला."

"आकडा लागतो म्हणजे? मोठे भन्ते अंथरुणातून उठून आले, उदोम. त्यांचे हात कापत होते. ती गाठ कोणी सोडायची नाही आणि तिच्यावरून लोखंडही न्यायचं नाही. दुसरीकडे कुठेतरी बांध."

"दुसरीकडे कुठे? खालून ॲक्सलला साखळी घातली तर स्टिअरिंगच्या दांड्यावर घासते. तो वाकला तर तुमचा ट्रॅक्टर फिचितला खेकड्यासारखा तिरका चालेल."

"तीस वर्षं बांधतोयस आणि एका आकड्यावाचून अडलं? चौथीतही असाच होतास. भागाकारात बाकी उरली की रडायला लागायचास."

बुआफान खो खो हसली. ट्रकच्या केबिनमध्ये बसलेली पुईही हसली. पुई म्हणजे उदोमची मुलगी. तो ट्रक-ट्रेलर तीच चालवायची, अजूनही चालवते.

दुसरा कोणी मालक असता तर उदोमने "मग घेऊन जा तुमचा ट्रॅक्टर" एवढं बोलून शेडमध्ये जाऊन चहा घेतला असता. तसं त्याने एका आमदाराच्या मेहुण्यालाही केलं होतं. पण ज्या बाईंपुढे दरवर्षी गुरुपूजेला गुडघ्यांवर बसून फुलं ठेवली, त्यांना नाही म्हणणारी जीभ आमच्याकडे कोणाला फुटत नाही. साठी उलटली तरी नाही. त्याने साखळी खाली ठेवली. डोकं खाजवलं. मग शेडमध्ये जाऊन त्याने खुंटीवरून जाड कापडी पट्टे काढले, दोन. मऊ पट्टा ॲक्सलला घातला तर स्टिअरिंगला इजा नाही, हे खरं होतं. तसं बांधतातही लोक. पण उदोम लोखंडाचा माणूस. पट्ट्यांकडे त्याने आयुष्यात नीट बघितलं नव्हतं. त्याने पुढे दोन पट्टे ओढले, मागे आपल्या दोन साखळ्या घातल्या, मागच्या दोन्हींवर हातोडीचा ठोका मारला. पुढे मारला नाही. कापडावर हातोडी मारून काय कळणार?

"झालं ना?" ख्रू म्हणाल्या. "उगाच आकडा आकडा."

नऊला पुई निघाली.

पावणेदहाला उदोम पाण्याचं पिंप शेडच्या खांबाला बांधायला गेला. वाऱ्याने ते रोज लवंडायचं. त्यासाठी त्याने दोन जुने पट्टे त्याच खुंटीवर ठेवले होते, उन्हात पडून पडून भुसभुशीत झालेले, बोटाने ओढले तरी धागे निघायचे. त्याने खुंटीकडे हात नेला. खुंटीवर दोन नवेकोरे पट्टे लोंबत होते.

तो तसाच उभा राहिला. मग एक नवा पट्टा हातात घेतला, उलटा करून बघितला, परत लावला. दुसरीकडे बघितलं. जुने कुठेच नव्हते.

"काय झालं?" बुआफानने विचारलं. ती आणि ख्रू शेडच्या सावलीत चिकट भात आणि भाजलेली कोंबडी घेऊन बसल्या होत्या. ख्रू गावात जाणाऱ्या गाडीची वाट बघत होत्या.

"पुढे सडके पट्टे लावले मी," उदोम म्हणाला.

बुआफानच्या हातातला घास तसाच राहिला. तीस वर्षं नवऱ्याशी संसार करून तिला एवढं कळत होतं की इथून तासाभरावर घाट आहे, घाटात आधी चढण आहे आणि चढणीवर ट्रॅक्टर धरून ठेवतात ते पुढचे दोन बंद. ते तुटले की हातब्रेक आणि चार खिळ्यांवर सगळा भार. मग ट्रॅक्टर मागे जाणार, मागे जो असेल त्याच्या अंगावर. आणि ट्रेलर एकदम हलका झाला की ट्रक घेऊन पुई कुठे जाईल, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

उदोमने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही त्याचीच शिस्त होती. फोन घेतला म्हणून त्याने एकदा पोरीला आठवडाभर चावी दिली नव्हती. त्याने फोन बुआफानकडे फेकला. "लावत राहा." दोन साखळ्या उचलल्या, एक मोटरसायकलच्या पुढच्या टोपलीत टाकली, दुसरी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"इकडे दे," ख्रू म्हणाल्या. त्या मागच्या सीटवर बसल्याही होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, गुडघेदुखीच्या.

"ख्रू, उतरा. रस्ता वाईट आहे."

"रस्ता मला माहीत आहे. ती गाठ मी सोडू दिली नाही ना? मग मीच येणार. दे साखळी."

त्याने ती वजनदार साखळी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकदा श्वास आत घेतला. "माझ्या अंगावर लोखंड घालतोयस," त्या म्हणाल्या, "माफी मागायची राहिली की रे."

उदोमने किक मारली. गाडी सुटली.

पहिले पंधरा किलोमीटर नुसती गर्दी. ऊस कारखान्याकडे चालला होता. उंचच उंच भरलेले ट्रक एकामागून एक, रस्ताभर पाचट उडत होतं. एकेकाच्या दोऱ्या बघून एरवी उदोमने शिव्यांची माळ लावली असती. त्या दिवशी तो फक्त डावी-उजवीकडून वाट काढत राहिला. मग अचानक म्हणाला, "तुमच्यामुळे नाही झालं, ख्रू."

"मग कोणामुळे?"

"तुम्ही कापड सोडू दिलं नाहीत. सडका पट्टा घ्या असं नव्हतं सांगितलं. तो मी घेतला. बघितला नाही."

"आकडा असता तर पट्टा घ्यायची वेळच आली नसती. चौथीतल्या मुलांच्या समजुती काढण्यात जन्म गेला माझा, तू माझी नको काढूस. आणि पुढे बघ, तो ट्रक वळतोय."

चढण सुरू झाली. रस्त्याच्या कडेला हत्ती येतात म्हणून सांगणारी पिवळी पाटी गेली. उदोम प्रत्येक वळणापुढे मान लांब करत होता. त्याला पुईचा ट्रक दिसावा असं वाटत होतं आणि दिसू नये असंही. रस्त्यावर काचा नव्हत्या, गर्दी नव्हती, कोणी हात करून थांबवत नव्हतं. प्रत्येक वळणावर तेवढंच बघून तो पुढे जात होता.

तिसऱ्या वळणानंतर रांग लागली. गाड्याच गाड्या, चढणीवर उभ्या. माणसं उतरून सावलीला बसलेली, कोणी ऊस सोलून खातंय. वर काय झालंय ते एकाने न विचारताच सांगितलं: "उसाचा ट्रक सांडलाय वळणावर. दोऱ्या तुटल्या. सगळा रस्ता ऊसच ऊस. पाऊण तास झाला. पोलीस आलेत, एक बाजू मोकळी करतायत."

"ट्रॅक्टर घेऊन गेलेला ट्रक बघितलात का? बाई चालवते?"

"तो काय, वर उभा आहे की."

उदोमने गाडी रांगेच्या कडेने वर काढली. आणि दिसला. निळा ट्रक, मागे ट्रेलर, ट्रेलरवर ट्रॅक्टर. जागेवर. चढणीवर उभा, नाक वर आणि सगळं वजन मागे कललेलं. त्याच्या मागे दोन हातांवर एक पिकअप, वऱ्हाडाने गच्च भरलेली. नटलेल्या बायका, ढोल, केळीचे खांब, मांडीवर फळांची तबकं.

उदोम आधी ट्रॅक्टरच्या पुढे धावला. उजवा पट्टा अर्ध्याहून अधिक फाटला होता. त्याचे धागे पिंजून दाढीसारखे लोंबत होते. डावा अजून होता, पण ताणून बारीक झालेला. चाकामागच्या एका ठोकळ्याचा खिळा वाकला होता.

पुई केबिनमधून उतरली. "बाबा? तुम्ही कसे इकडे? ख्रूआजी?"

"गाडी बंद ठेव. हलवू नकोस. दगड आण, मागच्या चाकांना लाव." मग तो पिकअपकडे वळला. "मागे घ्या. मागे घ्या गाडी."

"कशाला मागे?" पुढे बसलेला नवऱ्याचा काका म्हणाला. "आधीच उशीर झालाय. दहा एकोणतीसचा मुहूर्त आहे आमचा."

"तुमच्या वऱ्हाडावर ट्रॅक्टर पडला तर कुठला मुहूर्त गाठाल? मागे घ्या म्हणतोय ना!"

काकाने वर बघितलं. मोठ्या चाकांकडे, मग ठोकळ्याच्या वाकलेल्या खिळ्याकडे. पिकअप तत्परतेने मागे गेली, ढोलवाला उडी मारून खाली उतरला आणि मागच्या गाड्यांना हातवारे करून ढकलू लागला.

वरून शिट्टी वाजली. पोलीस एक बाजू सोडत होता. रांगेतली इंजिनं एकेक करून सुरू झाली. ट्रक पहिल्यांदा हलताना धक्का बसतो, आणि तो धक्का थेट पुढच्या बंदांवर येतो. पुईच्या पुढे पाच गाड्या होत्या.

उदोमने साखळी ट्रेलरच्या कोपऱ्यातल्या कडीत अडकवली, दुसरं टोक हातात घेऊन तो आकड्यापाशी आला आणि पुन्हा थांबला. कापड होतंच तिथे, हारातली फुलं उन्हाने मान टाकलेली. त्याने मागे वळून बघितलं. विचारायला तोंड उघडलं.

पण ख्रू प्रायोंग ट्रेलरवर चढत होत्या. वऱ्हाडातल्या दोघांनी त्यांना खालून ढकललं होतं. त्या कशाबशा गुडघ्यावर बसल्या, कपाळाला हात जोडले आणि शाळेतल्या मुलीसारख्या घाईघाईने बोलल्या: "चूक माझी आहे, आई. राग माझ्यावर काढ. पोरीवर नको." आणि गाठीला हात घातला.

गाठ सुटेना. म्हाताऱ्या भन्त्यांच्या कापऱ्या हातांनी मारलेली गाठ, पण काय मारली होती! नख मोडलं. मग ख्रूंनी खाली वाकून दात लावले. पुढच्या तीन गाड्या गेल्या. उदोम साखळी धरून उभा, त्याला मध्ये हात घालता येईना. "ख्रू..."

"गप्प बस," दातात कापड धरून त्या म्हणाल्या.

सुटलं. उदोमने साखळीचं टोक आकड्यात घातलं, दांडा लावला, अंगाचं सगळं वजन टाकून दाबला. डाव्या बाजूला दुसरी साखळी. दांड्यांना तार नव्हती. पुईने केसांची रबरं काढून दिली, मग लक्षात येऊन टूल बॉक्समधून तार आणली. उदोमने हातोडी शोधली. हातोडी आवारातच राहिली होती. तेव्हा, माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा, त्याने साखळीला लाथ घातली. एकीला, मग दुसरीला. वाजल्या नाहीत. लगेच हात जोडून तो ट्रॅक्टरला म्हणाला, "माफ कर, आई. घाई होती."

"चला, चला!" वरून पोलीस ओरडला.

"आता जा," उदोम पुईला म्हणाला. "हळू सोड क्लच. वर पोचलीस की सपाट जागा बघून थांब."

ट्रक हलला. धक्का बसला. ट्रॅक्टर मागे रेलू पाहत होता. साखळ्या एकदम ताठ झाल्या, कडकन एक आवाज आला आणि उदोमचे डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रक वळण घेत होता, ट्रॅक्टर जिथल्या तिथे, आणि सडक्या पट्ट्याची दोन टोकं वाऱ्यावर उडत होती. तो धक्क्यानेच तुटला होता.

 उदोम रस्त्याच्या कडेला सांडलेल्या उसावर मटकन बसला. पाठोपाठ ख्रूही बसल्या, कापड मांडीवर घेऊन. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ख्रूंच्या ओठावर लाल रंग लागला होता, कापडाचा. उदोम हसायला लागला. मग ख्रूही हसायला लागल्या. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

पिकअप पुढे जाताना नवऱ्याच्या काकाने थांबून दोघांना पानात गुंडाळलेली केळ्याची मिठाई दिली. "मुहूर्त तर गेलाच," तो म्हणाला, "पण पोहोचू आम्ही. बसा निवांत." आणि ढोलवाल्याने जाता जाता उगाचच दोन थापा दिल्या.

सांडलेल्या उसाचा मालक चिंचेच्या झाडाखाली डोक्याला हात लावून बसला होता. येणारा जाणारा त्याला शिव्या देत होता. उदोम उठून त्याच्याकडे गेला. तो माणूस घाबरून मागे सरकला. उदोमने त्याच्यापुढे हात जोडले.

"इतकी वाईट बांधणी मी जन्मात बघितली नाही," उदोम म्हणाला. "देव तुमचं भलं करो."

घाटमाथ्यावर, देवळीपाशी, पुई ट्रक लावून वाट बघत होती. उदोमने सगळी बांधणी पहिल्यापासून तपासली. नवा ठोकळा, नवे खिळे. पुई त्याच्या मागेमागे होती.

"निघतानाच मी पट्टे बघितले होते, बाबा," ती म्हणाली. "वाटलं, विचारावं. पण तुम्ही बांधलेलं होतं. म्हणून नाही विचारलं."

उदोमने वाकलेला जुना खिळा खिशात टाकला. मग म्हणाला, "यापुढे माझं बांधलेलंच आधी बघायचं. दुसऱ्याचं मग."

"आणि चुकलं असेल तर?"

"तर ओरडायचं माझ्यावर. आईसारखं."

"आईसारखं मला जमणार नाही," पुई म्हणाली, आणि तिने फोन काढून आईला सांगितलं की सगळं ठीक आहे. फोनमधून बुआफान इतक्या मोठ्याने रडली की घाटमाथ्यावरच्या टपरीवाल्याने वळून बघितलं. रडणं संपल्या संपल्या तिने नवऱ्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी देचाचा फिचितहून फोन आला: ट्रॅक्टर पोचला, ओरखडाही नाही.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, उदोम. उतरताना मोटरसायकलवर आपण दोघं फार हलके झालो होतो, साखळ्याही नव्हत्या ना. ते कापड मी घाटमाथ्यावर तुझ्या सांगण्यावरून ट्रॅक्टरच्या आरशाच्या दांड्यालाच बांधलं होतं आणि मोठ्या भन्त्यांना त्याच संध्याकाळी जाऊन खरं सांगून आले. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं, ते काहीतरी अडकवायचं असणार." मग आधी का नाही बोललात, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

तर उतरताना तू म्हणालास, "ख्रू, तुमचं फळ्यावरचं अक्षर अजून आठवतं मला. आवारात लावायला एक पाटी लिहून द्या. हार आणि कापड आरशाला बांधा, आकड्याला नको. लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं अक्षर बघून ऐकतील." मी म्हटलं, रंग माझ्याकडे आहे, निळा, शाळेच्या दारांचा उरलेला. फळी तू आण. सागाची आण, पावसात फुगणारी नको. तू म्हणालास, "उद्याच आणतो." सहा वर्षं झाली. लोक आता न सांगताच आरशाला बांधतात. पुई तोंडाने सांगते आणि तिचं ऐकतात. मधल्या काळात पाटीचा विषय तीनदा निघाला, तिन्ही वेळा तू "फळी बघतोय, ख्रू" म्हणालास, आणि मीही रंगाचा डबा उघडून बघितला नव्हता. परवा उघडला. दगड झालाय. फेकून दिला.